शेवटचे साठ मीटर

प्रश्न: गेल्या महिन्यात मुंबईला उतरल्यावर आमचं विमान टर्मिनलसमोर येऊन थांबलं. एरोब्रिज जेमतेम साठ मीटरवर, जागा रिकामी, जमिनीवरची पिवळी रेघही खिडकीतून दिसत होती. तरी दहा-बारा मिनिटं आम्ही तसेच बसून. कॅप्टननं सांगितलं, ‘खाली माणूस आलेला नाही.’ दिल्लीहून विमान सुखरूप आणणाऱ्याला शेवटच्या साठ मीटरसाठी दांडकेवाला माणूस कशाला लागतो?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर: त्या दांडकेवाल्यांपैकीच मी एक. सहारच्या, म्हणजे मुंबई विमानतळाच्या, रॅम्पवर (विमानं उभी राहतात त्या आवारात) एकोणतीस वर्षं काढली. आधी लोडर, मग मार्शलर, म्हणजे विमानासमोर उभं राहून दांडक्यांनी पायलटला खुणा करणारा, शेवटी शिफ्ट इन-चार्ज. प्रवाशांच्या शिव्या काचेतून ऐकू येत नाहीत, चेहरे मात्र दिसतात.

पायलट बसतो नाकात. पंखांची टोकं त्याच्या मागे. मोठ्या विमानात ती त्याला जागेवरून दिसतच नाहीत. ए-३२० सारख्या मधल्या आकाराच्या विमानात कडेच्या काचेला गाल लावून मान वळवली तर दिसेलही, पण फक्त आपल्या बाजूचं, आणि ते टोक नि शेजारची वस्तू यांत हातभर अंतर आहे की चार हात, याचा अंदाज येत नाही. ए-३२० चे पंख टोकापासून टोकापर्यंत सुमारे ३५.८ मीटर. एवढं धूड घेऊन तो गल्लीत शिरतोय.

पिवळी रेघ आहे ना, असं तुम्ही म्हणाल. ती रेघ पुढच्या चाकासाठी. चाक रेघेवर ठेवलं की पंख मोकळे जातील, हे खरं. पण शिडी, बॅगांच्या ट्रॉल्या, जेवणाची गाडी हे सगळं आपापल्या लाल रेघेच्या पलीकडे असेल तरच. या आकाराच्या विमानाला बेवर (विमान उभं करायच्या जागेवर) दोन्ही बाजूंना किमान साडेचार मीटर मोकळे हवेत असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. साडेचार मीटर ऐकायला भरपूर वाटतात. एकामागे एक जोडलेल्या चार ट्रॉल्या कुणी घाईत तिरक्या सोडल्या की संपले.

त्यात वळण. एसटी स्टँडातून वळून बाहेर पडताना तिचा मागचा कोपरा बाहेर फेकला जातो, आणि फलाटावरचा माणूस टुणकन मागे उडी मारतो, पाहिलंय ना? विमानाचं तसंच. ते फिरतं मुख्य चाकांच्या रेषेवरच्या बिंदूभोवती, आणि मागे झुकलेल्या पंखाचं टोक असतं त्या रेषेच्याही मागे. त्यामुळे वळताना बाहेरच्या पंखाचं टोक सरळ चालीत जाईल त्याच्या बाहेरून जातं. सरळ येताना मोकळी वाटलेली जागा वळताना पुरत नाही.

माझी एक रात्र सांगतो. जुलै महिना, पाऊस असा की पिवळी रेघ कोणती आणि पाण्यातला फ्लडलाइट कोणता, कळेना. समोर मार्शलर दुसरा होता; मी उजव्या पंखाच्या टोकावर लक्ष ठेवायला होतो. बे मी स्वतः दहा मिनिटं आधी फिरून पाहिला होता, स्वच्छ. त्यानंतर कुणीतरी शेजारच्या बेवरून शिडी ओढत आणली आणि दोन चाकं लाल रेघेच्या आत ठेवून आडोशाला पळाला. विमान डावीकडे वळलं, तसा पंखाच्या टोकाचा हिरवा दिवा मला शिडीच्या कठड्याच्या रेषेत येताना दिसला. दोन्ही दांडकी डोक्यावर नेऊन फुली केली. पण पायलट मला बघतच नव्हता. तो बघतो मार्शलरकडे, आणि मार्शलर बघत होता पुढच्या चाकाकडे. ओरडलो. इंजिनांपुढे काय ऐकू जाणार? अखेर मार्शलरनं मान वळवली, त्याची फुली पडली, विमानाचं नाक गपकन दबलं आणि ते थांबलं. त्या हिरव्या दिव्याची काच कठड्याला टेकली होती. फुटली नाही, तडा गेला. तेवढ्या तड्यासाठी पुढचं उड्डाण तीन तास लटकलं. चौकशीत विचारलं, ‘बे तपासला होता?’ मी म्हटलं, ‘हो, दहा मिनिटं आधी.’ बोलतानाच कळलं की घोळ या दहा मिनिटांतच आहे. तेव्हापासून विमानाचे दिवे वळताना दिसले की मी आणखी एक फेरी मारायचो.

हे आपल्याकडेच होतं असं नाही. एप्रिल २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर पॅरिसला निघालेल्या ए-३८० या अवाढव्य विमानाचा पंख एका छोट्या प्रवासी विमानाच्या शेपटीला लागला आणि ते उभ्या जागी गर्रकन फिरलं. नशीब, कुणाला इजा झाली नाही. पुढच्या वर्षी अमेरिकेच्या अपघात तपास मंडळानं शिफारस केली की, ज्या मोठ्या विमानांत कॉकपिटमधून टोकं दिसत नाहीत त्यांना कॅमेऱ्यासारखी सोय द्या. आपल्याकडे २७ मार्च २०२४ ला कोलकात्यात धावपट्टीसाठी थांबलेल्या विमानाला टॅक्सी करणाऱ्या, म्हणजे जमिनीवरून चालत निघालेल्या, दुसऱ्याचा पंख घासला आणि उभ्या विमानाच्या पंखाचं टोक तुटलं. दोन्ही वेळा विमानं जमिनीवरच होती!

आता काही बेंवर भिंतीवर इलेक्ट्रॉनिक फलक असतो. तो विमानाचं अंतर मोजून कुठे थांबायचं ते दाखवतो. चांगली सोय आहे. पण बे मोकळा आहे ना हे बघायला आणि गरज पडली तर थांबवायचं बटण दाबायला खाली माणूस लागतोच.

तुमच्या वेळी तो का नव्हता? बहुधा शेजारच्या पुशबॅकमध्ये, म्हणजे निघणारं विमान ट्रॅक्टरनं मागे ढकलण्याच्या कामात, अडकला असेल. माणसं कमी आणि विमानं जास्त, ही तक्रार मात्र रास्त आहे, ती जरूर करा. कॅप्टनवर नको.

निघताना खिडकी मिळाली तर बघा. पुशबॅक झाल्यावर खालचा माणूस लाल फीत लावलेली एक पिन उंच धरून कॅप्टनला दाखवतो. ट्रॅक्टर ढकलत असताना पुढच्या चाकाचं स्टिअरिंग बंद ठेवणारी ती पिन. काढली, आता चाक तुमच्या ताब्यात, असा त्याचा अर्थ. ती दाखवेपर्यंत तुम्ही कितीही हात हलवा, तो उत्तर देणार नाही. नंतर देईल.