मनापासून केलेल्या मदतीला किंमत नाही का?

प्रश्न: ताई, सध्या जर्मन तत्त्वज्ञ कांट वाचतोय. मदत करताना मला आनंद होत असेल तर तिला नैतिक किंमत नाही, कर्तव्य म्हणून केली तरच आहे, असं तो म्हणतो, हे फारच कोरडं वाटतं. शिवाय बुद्धीला मर्यादा आहेत हेही तोच सांगतो, मग कर्तव्य ठरवायला बुद्धीच कशी चालते?

उत्तर: दुसरा प्रश्न आधी घेते, कारण पहिल्याचं उत्तर त्यातूनच निघतं. 1781 च्या ग्रंथात कांटने मर्यादा घातली ती ज्ञान मिळवणाऱ्या बुद्धीला, म्हणजे इंद्रियांकडून जे येतं त्याला बुद्धी कार्यकारणभावासारख्या चौकटीत बसवते तेव्हाच ज्ञान होतं, आणि ईश्वर, आत्मा असले विषय अनुभवात येतच नाहीत म्हणून तिथे नुसत्या तर्काने काही सिद्ध होत नाही. नीतीचं तसं नाही. लोक खोटं बोलतात हे अनुभव सांगेल, पण बोलू नये हे कितीही निरीक्षण केलं तरी त्यातून निघणार नाही. स्कॉटिश तत्त्वज्ञ ह्यूमलाही हे दिसलं होतं, पण त्याने नीती भावनेवर सोपवली, कांटने बुद्धीवर.

1785 मध्ये कांटने कर्तव्य ओळखायची कसोटी दिली: आपण ज्या नियमाने वागतोय तो सगळ्यांचा नियम होऊ शकतो का? परत करायचे नाहीत हे ठरवूनच वचन देऊन पैसे उसने घेतले, आणि हाच सगळ्यांचा नियम झाला, तर वचनावर विश्वास कोण ठेवणार? मग खोटं वचनसुद्धा देता येणार नाही, नियम स्वतःलाच खोडतो. आणि ही कसोटी राजाने किंवा धर्मगुरूने लादलेली नाही, आपलीच बुद्धी आपल्याला घालून देते. कर्तव्य म्हणजे वरच्याचा हुकूम पाळणं हा समज मला सगळ्यात घातक वाटतो, कांटच्या लेखी कर्तव्य आणि स्वातंत्र्य एकच आहे.

आता आनंदाचं. तो एका दयाळू माणसाचं उदाहरण देतो, स्वतःच्या दुःखाने त्याचं मन इतकं झाकोळलंय की कुणाबद्दल काही वाटतच नाही, तरी तो मदत करतो, आणि तिथे नैतिक किंमत स्पष्ट दिसते. म्हणजे आनंद झाला की कृती बिघडली असं नाही, फक्त ती आनंदावर अवलंबून नसावी. तुमच्यासारखीच शंका जर्मन कवी शिलरने काढली होती आणि 1794 मध्ये कांटने लिहिलं की कर्तव्य आनंदाने करणं ही खऱ्या सद्गुणाची खूणच आहे.

पण 1797 मध्ये तो म्हणतो की मित्राला मारायला आलेल्या खुन्याशीही खोटं बोलू नये, तिथे मात्र मी त्याच्याबरोबर जाऊ शकत नाही, कारण त्या मित्राचा जीव वाचवणं हेही माझं कर्तव्यच आहे.