वाचकांचे प्रश्न : गर्दीच्या वेळी रस्त्याचं भाडं

शहराच्या मध्यभागी गर्दीच्या वेळी गाडी आणणाऱ्याकडून शुल्क घ्यावं का, या विषयावर आलेल्या प्रश्नांपैकी काही इथे निवडले आहेत. एकाच मुद्द्यावरचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : गाडी घेताना कर भरला, पेट्रोलवर रोज भरतो. रस्ता झिजवल्याचे पैसे एकदा देऊन झाल्यावर पुन्हा हे शुल्क कशाचं?

झिजेचे पैसे तुम्ही दिलेत, ते मान्य. हे शुल्क झिजेचं नाही, मागच्यांच्या वेळेचं आहे. आकडे मांडले की लगेच कळतं.

समजा, एका पुलाच्या तोंडातून तासाला १,८०० गाड्या सुटतात, म्हणजे मिनिटाला ३०. सकाळी आठ ते नऊ या वेळात तिथे २,००० गाड्या येतात. नऊनंतर ओघ तासाला १,५०० वर उतरतो. नऊ वाजता २०० गाड्या तुंबलेल्या असतील. त्या क्षणी रांगेच्या शेपटाला लागणारा ६ मिनिटं ४० सेकंद थांबेल आणि रांग पूर्ण ओसरायला ९:४० वाजतील. सगळ्यांचा खोळंबा एकत्र केला तर १०,००० मिनिटं भरतात.

आता आठ ते नऊमधल्या २,००० पैकी फक्त १०० जण बसने गेले असं धरा. नऊ वाजता रांग १०० गाड्यांची, ती ९:२० ला संपते आणि एकूण खोळंबा ४,००० मिनिटांवर येतो. गाड्या पाच टक्के घटल्या, खोळंबा साठ टक्के. म्हणूनच कोणतंही शहाणं शुल्क सगळ्यांना गाडीतून उतरवायला निघत नाही. वीसांतला एक सरकला तरी त्याचं बरंचसं काम होतं.

याच उदाहरणात आणखी एक गंमत आहे. ठीक आठला येणारा गाडीवाला एक सेकंदही थांबत नाही. पण त्याच्यामागून ९:४० पर्यंत येणाऱ्या ३,००० गाड्यांपैकी प्रत्येकीला तो दोन सेकंद मागे ढकलतो. हे झाले १०० मिनिटं. नऊला येणारा स्वतः पावणेसात मिनिटं चडफडत बसतो, पण त्याच्यामागे १,००० गाड्याच उरलेल्या असतात. त्याच्यामुळे इतरांची ३३ मिनिटं जातात. म्हणजे सर्वांत जास्त नुकसान करणाऱ्याला त्याची गंधवार्ताही नसते. म्हणून शुल्क रांग दिसायला लागल्यावर सुरू करून भागत नाही, ते रांग लागण्याच्या आधी सुरू व्हावं लागतं. आणि खऱ्या रस्त्यावर रांग मागच्या चौकापर्यंत पोचली की आडवी जाणारी वाहतूकही अडते, तेव्हा वरचे आकडे कमीच समजा.

प्रश्न : दर कसा ठरवतात? मनाला येईल तो?

पुष्कळ ठिकाणी जवळपास तसंच होतं, हे कबूल करायला हवं. राजकारण्यांना जो आकडा झेपतो तो लागतो. न्यू यॉर्कमध्ये मोटारीसाठी १५ डॉलरचा दर ठरला होता, जून २०२४ मध्ये ऐन तोंडावर योजना थांबवली गेली आणि ५ जानेवारी २०२५ ला ती ९ डॉलरवर सुरू झाली.

नेमकी रीत सिंगापूरची. तिथे दर ठरवतो तो रस्त्यावरचा वेग. द्रुतगती मार्गावर ताशी ४५ ते ६५ किमी आणि शहरातल्या मुख्य रस्त्यांवर २० ते ३० किमी हा हवा असलेला पट्टा. वेळोवेळी प्रत्यक्ष वेग तपासतात. वेग पट्ट्याच्या खाली गेला तर रस्त्यावरच्या त्या वसुलीच्या कमानीचा त्या अर्ध्या तासाचा दर वाढतो, वर गेला तर उतरतो. दर उतरतो, हे महत्त्वाचं. ज्या योजनेत दर फक्त चढतो ती कर होऊन बसते आणि लोकांना ते बरोबर कळतं.

लंडनचं शुल्क दिवसभराचं एकच आहे. १७ फेब्रुवारी २००३ ला ते ५ पौंडांनी सुरू झालं. समजायला सोपं, पण त्याचा दोष असा की एकदा पैसे भरले की त्या दिवशी कितीही फेऱ्या मारा, पुढची प्रत्येक फेरी फुकट. स्वीडनमधल्या स्टॉकहोमने सुरुवातीला मधला रस्ता धरला : सीमा ओलांडताना दर वेळी १०, १५ किंवा २० क्रोनर, वेळेप्रमाणे, आणि दिवसाला जास्तीत जास्त ६०. आमच्या मते नव्याने सुरू करणाऱ्या शहराने हीच रचना घ्यावी. तीनच दर असले की लोकांच्या लक्षात राहतात, आणि गर्दीच्या भर वेळेतून थोडं अलीकडे-पलीकडे सरकणाऱ्याला त्याचा फायदाही मिळतो.

प्रश्न : लोक सीमेबाहेरून वळसा घालतील, किंवा वेळ संपेपर्यंत कडेला थांबतील. मग उपयोग काय?

दोन्ही घडतं, आणि दोन्हींवर इलाज आहेत.

आधी वेळेचं. सिंगापूरने जून १९७५ मध्ये कागदी परवान्यांची योजना आणली : दिवसाला ३ सिंगापूर डॉलर, काचेवर परवाना लावायचा, वेळ सकाळी साडेसात ते साडेनऊ. झालं काय, तर साडेनऊच्या ठोक्याला सीमेवर नवी कोंडी होऊ लागली. काही आठवड्यांतच वेळ सव्वादहापर्यंत वाढवावी लागली. पुढे १९९८ मध्ये कमानींवरून आपोआप वसुली सुरू झाली, तरी दर बदलण्याच्या मिनिटाला काही जण रेंगाळायचे, काही सुसाट सुटायचे. म्हणून २००३ पासून दर जिथे एकदम मोठा बदलतो तिथे पाच मिनिटांची मधली पायरी घातली. धडा सरळ आहे : दर जिन्यासारखा चढावा-उतरावा, कड्यासारखा नाही.

सीमारेषेचं काम जास्त कटकटीचं. वळसा घालणाऱ्यांसाठी धड रस्ता हवा आणि तो सीमेच्या बाहेर हवा. न्यू यॉर्कमध्ये मॅनहॅटनच्या दोन्ही काठांचे महामार्ग शुल्कातून वगळले आहेत, ते यासाठीच. लंडनलाही भोवतालच्या वर्तुळमार्गावर शुल्क नाही. वळशाच्या रस्त्यावर वाढीव गाड्या येणार हे गृहीत धरून तिथल्या सिग्नलच्या वेळा योजना सुरू होण्याआधी बदलून ठेवाव्यात, नंतर नव्हे.

रेषा आखताना तीन गोष्टी तपासायच्या. सीमेआधीच्या शेवटच्या चौकात परत फिरायला किंवा वळून निघायला वाट आहे का? नसेल तर चुकून आलेला माणूस पैसे भरल्याशिवाय सुटत नाही, आणि पुढे तक्रारी येतात त्या याच चौकातून. पाटी त्या चौकाच्या आधी दिसते का? आणि रेषेमुळे एखादी वस्ती अडकते का? स्टॉकहोमजवळच्या लिडिंग्यो बेटावरून इतरत्र जायची वाट शुल्काच्या भागातूनच होती. तेव्हा तिथे नियम केला की बेटाशी ये-जा करणारी गाडी तीस मिनिटांत शुल्काच्या भागातून आरपार गेली तर पैसे नाहीत.

सीमेलगतच्या गल्ल्यांत गाडी लावून पुढे चालत जाणाऱ्यांचं काय, असंही एका पत्रात विचारलं आहे. त्या गल्ल्यांत पार्किंग रहिवाशांपुरतं राखायचं किंवा त्याला पैसे लावायचे, तेही शुल्क सुरू होते त्याच दिवसापासून.

प्रश्न : अपंग, रुग्ण, तिथेच राहणारे, टॅक्सीवाले, मालाचे टेम्पो यांना सूट नको का?

अपंग व्यक्ती आणि रुग्णवाहिका यांच्याबद्दल वाद नाही. बाकी प्रत्येक सूट हे बादलीला पाडलेलं भोक आहे, आणि ते भोक वर्षागणिक मोठं होत जातं.

मिलानमध्ये जानेवारी २००८ मध्ये आलेली योजना धुरावर आधारलेली होती. कमी धूर सोडणाऱ्या गाड्यांना शुल्क नव्हतं. लोकांनी गाड्या बदलल्या, शुल्क भरणारे घटत गेले आणि रस्ते पुन्हा भरले. धूर कमी झाला, पण स्वच्छ गाडीही जागा तेवढीच अडवते. शेवटी जानेवारी २०१२ पासून बहुतेक सगळ्या गाड्यांना ५ युरो लावणारी नवी योजना आणावी लागली. लंडनमध्ये भाड्याच्या खासगी मोटारींना सुरुवातीपासून सूट होती. मोबाइलवरून गाडी बोलावण्याचा जमाना आला तशी त्यांची संख्या फुगली आणि एप्रिल २०१९ मध्ये ती सूट काढावी लागली.

टॅक्सीला दिवसाचं शुल्क लावणं मात्र चुकीचं; ती दिवसात वीस वेळा आत-बाहेर करते आणि भाडं भरणारा दर वेळी वेगळा असतो. न्यू यॉर्कने त्यासाठी प्रवासामागे ७५ सेंट आणि ॲपवरच्या गाड्यांना दीड डॉलर असं ठरवलं, आणि ते प्रवाशाच्या बिलातच लागतं. हा तोडगा नीट आहे. मालाच्या टेम्पोंना सरसकट सूट देण्यापेक्षा रात्रीचा दर अगदी कमी ठेवा. मात्र रात्री माल उतरवून घ्यायला दुकानात माणूस असतो का, हे आधी विचारा. नाहीतर तो दर कागदावरच राहतो.

रहिवाशांना लंडनने ९० टक्के सवलत दिली होती. मतांच्या दृष्टीने समजण्यासारखं आहे. पण जिथे बस-रेल्वे सर्वांत चांगली तिथल्याच लोकांना गाडी जवळजवळ फुकट, हे गणित उलटं आहे. कमी उत्पन्नाच्या माणसाला मदत करायची असेल तर महिन्याला ठरावीक फेऱ्यांवर अर्धा दर लावावा. सूट गाडीला चिकटवली की ती गाडीबरोबर विकली जाते.

प्रश्न : माझी गाडी गेलीच नव्हती तरी नोटीस आली तर?

कॅमेऱ्याच्या पद्धतीत हे होणारच, तेव्हा ती चालते कशी ते आधी पाहा. कॅमेरा नंबरप्लेटचा जवळून आणि गाडीचा लांबून असे फोटो घेतो. संगणक अक्षरं वाचतो, सूट असलेल्यांच्या आणि पैसे भरलेल्यांच्या यादीशी ताडतो. दोन्हींत नाव नसेल तर मुदत संपल्यावर नोंदणीतल्या मालकाला नोटीस निघते. रोज एक लाख वाचनं आणि शंभरात एक चूक धरली तरी हजार चुका होतात. आठाचा बी, शून्याचा ओ, चिखलाने झाकलेला आकडा, स्क्रूच्या टोपीने बदललेलं अक्षर ही नेहमीची कारणं. म्हणून नोटीस निघण्याआधी माणसाच्या डोळ्यांनी फोटो तपासणं ही पायरी गाळता येत नाही, आणि पैसे वाचवायचे झाले की हीच पायरी आधी गळते.

एका कॅमेऱ्याने शंभरातल्या दहा गाड्या सुटत असतील तर आत आणि बाहेर असे दोन लावल्यावर एकच सुटायला हवी. पण प्लेटच मळकी असेल तर दोन्हीकडे ती सुटते, त्यामुळे हिशेब इतका सरळ उतरत नाही. काचेवरच्या टॅगने चुका पुष्कळ कमी होतात; कॅमेरा मग टॅग नसलेल्यांपुरता उरतो.

तुमच्या हाती नोटीस आली तर दोन्ही फोटो मागा. नंबर जुळला तरी गाडीचा प्रकार, रंग, बंपरवरचे ओरखडे, काचेवरचे स्टिकर जुळतात का ते पाहा. जुळत नसतील तर कुणीतरी तुमचा नंबर लावून फिरतं आहे, आणि ती तक्रार शुल्क खात्याबरोबर पोलिसांकडेही द्यायला हवी. गाडी विकली असेल तर विक्रीच्या तारखेचा कागद जोडा. मुदत टळू देऊ नका. दंड फुगतो तो मुदतीनंतर.

प्रश्न : लंडनमध्ये कोंडी परत आली म्हणतात. म्हणजे योजना फसलीच ना?

पहिल्या वर्षी शुल्काच्या भागात शिरणारी वाहतूक सुमारे १८ टक्के आणि खोळंबा सुमारे ३० टक्के घटला. पुढे खोळंबा पुन्हा वाढला, हे खरं. मात्र गाड्यांची संख्या पूर्वीइतकी झाली नव्हती. रस्ते खोदले गेले आणि मोकळी झालेली जागा बस, सायकली आणि पादचाऱ्यांना दिली गेली. वाटी लहान केली की कमी दुधानेही भरते. जागा कुणाला द्यायची हा शहराचा निर्णय, पण तो लोकांना आधी सांगायला हवा होता.

प्रश्न : सम-विषम नंबरांनी हेच फुकटात होत नाही का?

काही आठवडे होतं. मेक्सिको सिटीत १९८९ पासून नंबरच्या शेवटच्या आकड्यानुसार आठवड्यातून एक दिवस गाडी बंद ठेवायचा नियम आला. अनेकांनी दुसऱ्या नंबरची गाडी घेतली, बहुधा जुनी आणि धूर ओकणारी.

प्रश्न : लोकांचा विरोध असताना हे लागू करता येतं?

एडिनबरात फेब्रुवारी २००५ मध्ये आणि मँचेस्टरमध्ये डिसेंबर २००८ मध्ये आधी मतदान घेतलं. दोन्हीकडे सुमारे तीन चतुर्थांश किंवा जास्त मतं विरोधात पडली. स्टॉकहोमने उलट क्रम लावला : ३ जानेवारी ते ३१ जुलै २००६ अशी चाचणी, मग सप्टेंबरात मतदान. चाचणीपूर्वी विरोधच जास्त होता. सीमेवरची वाहतूक सुमारे पाचव्या हिश्श्याने कमी झालेली लोकांनी पाहिली, चाचणी संपताच ती वाढलेलीही पाहिली, आणि शहरात निम्म्याहून थोडी जास्त मतं बाजूने पडली. ऑगस्ट २००७ पासून शुल्क कायम झालं.

चाचणी घ्यायची तर जादा बस आधी सुरू करा. स्टॉकहोमने जादा बस २००५ च्या ऑगस्टमध्येच रस्त्यावर आणल्या होत्या. त्यामुळे नुसत्या बसने किती फरक पडतो आणि शुल्काने किती, हे वेगळं काढता आलं. मोजणीसाठी चाचणीपूर्वीचे आणि चाचणीतले तेच महिने घ्या, शाळेच्या सुट्ट्यांचे आठवडे वगळा, आणि सीमेबरोबर वळशाच्या रस्त्यांवरही मोजा. नुसत्या गाड्या मोजू नका, एकाच मार्गाला लागणारा वेळ रोज नोंदवा. सरासरीपेक्षा वीस दिवसांतला सर्वांत वाईट दिवस किती सुधारला ते बघा. घरातून किती आधी निघायचं हे माणूस त्या दिवसावरून ठरवतो.