पुस्तकांच्या शंका : एवढ्या शिव्या आणि म्हणे विनोदी?

प्रश्न : मुलगा डब्लिनला नोकरीला आहे, सुट्टीत आला तेव्हा आयरिश लेखक रॉडी डॉइलची ‘द स्नॅपर’ ही कादंबरी ठेवून गेला, म्हणाला आई वाच, हसून लोळशील. मी दहाव्या पानावरच गार पडले. बाप मुलीला, मुलं आईसमोर, सगळे उठताबसता ती एफवाली शिवी देतायत, वर मुलगी लग्नाआधी गरोदर आणि पोराचा बाप कोण ते सांगत नाही. यात हसायचं कुठे? मिस्टर म्हणतात रद्दीत घाल.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, रद्दीत नका घालू, मिस्टरांना दिसणार नाही अशा जागी ठेवा हवं तर. आणि तुम्ही गार पडलात त्याच जागी परत जा. वीस वर्षांची शॅरन बापाला बातमी सांगते, बाप म्हणजे जिमी रॅबिट सीनियर, धंद्याने गिलावा करणारा, तो ‘काय्य?’ करून ओरडतो, आईसुद्धा तिथेच आहे, थोडी आदळआपट होते, आणि मग? मग बापलेक मिळून पबमध्ये जातात. बस. घराबाहेर काढणं नाही, ‘आमच्या तोंडाला काळं फासलंस’ नाही. आता हे साल लक्षात घ्या, पुस्तक १९९० चं आहे, तेव्हा आयर्लंडमध्ये घटस्फोटाला कायद्याने परवानगीच नव्हती (१९८६ च्या सार्वमतात लोकांनी नाही म्हटलं, १९९५ मध्ये अगदी काठावर हो झालं) आणि गर्भपातावरची बंदी १९८३ पासून थेट घटनेत बसवलेली. अशा देशात तो शिवराळ बाप काही दिवसांनी बाळंतपणावरचं पुस्तक मिळवतो, चोरून वाचायला लागतो आणि पबमधल्या मित्रांना गर्भाची वाढ कशी होते ते ऐकवतो. ते मित्र बिचारे बिअर प्यायला आलेले!

शिव्यांचं म्हणाल तर त्या मोजूच नका, त्या घरात शिवी म्हणजे स्वल्पविराम आहे. मालवणी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही, त्याच्याकडे शिवी कुठल्या सुरात आली त्यावरून माया की भांडण ते कळतं, आणि आपल्याकडच्या आया पोराला ‘मेल्या’ म्हणून हाक मारतात तेव्हा आपण कुठे पोलीस बोलावतो. रॅबिटांकडे कोणी कोणाला ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ असं सहसा म्हणत नाही, बापाचा जीव तुटतो तेव्हा तोंडातून शिवीच येते. उलट तो एकदम गप्प झाला की समजा काहीतरी बिनसलंय, पुढे एकदा होतो तसा, आणि तेव्हा शॅरनला ते जास्त लागतं.

एक गोष्ट मात्र मलाही खटकते. पोराचा बाप शेजारचाच, शॅरनच्या मैत्रिणीचा बाप, आणि ती दारूत शुद्धीवर नसताना कार पार्कमध्ये हे घडलंय. शॅरन लोकांना स्पॅनिश खलाशी होता म्हणून थाप मारते, त्यावर भरपूर हशा आहे, पण त्या रात्रीला आज आपण जे नाव देऊ ते पुस्तक देत नाही. तुम्हालाही खटकलं तर तुमचं वाचन चुकलं असं समजू नका.

(‘स्नॅपर’ म्हणजे डब्लिनच्या बोलीत तान्हं बाळ. ‘डेडली’ म्हणजे झकास, ‘गॅस’ म्हणजे जाम गंमत, ‘जॅक्स’ म्हणजे संडास. बाकीचं मुलाला फोन करून विचारा, तो सांगताना लाजेल तेवढीच मजा.)

प्रश्न : डॉइलची ही रॅबिट घराची गोष्ट म्हणजे आयर्लंडची ‘बटाट्याची चाळ’ का? आणि कुठून सुरुवात करू?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : नाही हो. चाळीत सांगणारे पु.ल. सतत सोबत असतात, कोपरखळ्या त्यांच्या. इथे सांगणारा जवळजवळ गायबच, नुसती बोलणी, तीही अवतरणचिन्हाशिवाय, आधी एक आडवी रेघ आणि वाक्य. डॉइल किलबॅरॅक नावाच्या उत्तर डब्लिनमधल्या वस्तीत चौदा वर्षं शाळामास्तर होता, पुस्तकातलं बॅरीटाउन त्याच वस्तीवर बेतलेलं, तेव्हा कान तिथेच तयार झाला असणार. मोठ्याने वाचा, डोळ्यांनी नुसतं वाचलं तर अर्धी गंमत जाते. रॅबिटांच्या कादंबऱ्यांचा क्रम ‘द कमिटमेंट्स’ (१९८७), ‘द स्नॅपर’, ‘द व्हॅन’ (१९९१), पण पहिलीत घर कमी आणि बँड जास्त, घरच हवं असेल तर सरळ ‘स्नॅपर’ घ्या.

प्रश्न : ‘द व्हॅन’ वाचून मला रडू आलं. ही विनोदी कशी?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : रडू आलं म्हणजे बरोबर वाचलीत. जिमी सीनियरचं काम सुटलंय, दिवस लायब्ररीत ढकलतोय, पबला जायला खिशात पैसे नाहीत. जेवताना पोरगा डॅरन काहीतरी उलट बोलतो, बाप म्हणतो तुझ्या पुढ्यातल्या जेवणाचे पैसे कोणी दिले ते विसरू नकोस, आणि पोरगा म्हणतो माहितेय की, सरकारने. म्हणजे बेकारभत्त्याने. पूर्ण पुस्तकात मला ह्याहून कडक ओळ सापडली नाही आणि गंमत अशी की ती बेतलीय अगदी विनोदासारखी.

मग बेकरीतून काढलेला मित्र बिंबो मोडकी चिप्सची (तळलेले मासे-बटाटे विकायची) गाडी घेतो, दोघं ती घासूनपुसून उभी करतात, १९९० चा फुटबॉल वर्ल्ड कप चालू, आयर्लंड रोमानियाला पेनल्टीवर हरवून क्वार्टर फायनलला पोचलंय, देश वेडा झालाय, पब सुटला की गाडीवर ही झुंबड. धंदा जमतो आणि तिथेच दोस्तीला तडा जायला लागतो, कारण गाडी बिंबोची, म्हणजे मालक कोण आणि नोकर कोण हा प्रश्न आलाच. शेवट सांगत नाही, बाकीच्यांनी वाचली नसेल. फक्त मधे एका गिऱ्हाइकाला मासा म्हणून पिठात घोळवून तळलेला बाळाचा लंगोट दिला जातो तो प्रसंग जेवताना वाचू नका.