'डॉक्टर, हे कुणाला सांगता येत नाही...'

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांची सुरुवात याच वाक्याने आहे. बावीस वर्षं या शहरात प्रॅक्टिस करतेय, तेच वाक्य रोज ऐकते. आधी रुग्ण गुडघेदुखी सांगतो, मग ॲसिडिटी. उठून दाराशी गेला की कडीवर हात ठेवून हळूच म्हणतो, "अजून एक विचारायचं होतं." खरं दुखणं बहुधा तिथेच असतं. म्हणून आज पाच पत्रांना उत्तरं देते.

प्रश्न : वय 48, परळला राहतो, नोकरी अंधेरीला. वर्षभरापासून ताठरता येते पण टिकत नाही, आणि हे हळूहळू वाढत गेलंय. मित्राच्या सांगण्यावरून मेडिकलमधून गोळी आणली, काम झालं. ती चालू ठेवू का? दुसरा काही आजार नाही. जिना चढताना थोडा दम लागतो, तो वजनामुळे असेल. रात्री लघवीला दोन-तीनदा उठावं लागतं.

तुमच्या पत्रातली शेवटची दोन वाक्यं मी सगळ्यात आधी वाचायला हवी होती. "दुसरा काही आजार नाही" असं तुम्ही म्हणता, पण शेवटची तपासणी कधी केली होती, हे लिहिलेलं नाही.

ताठरता म्हणजे मुळात रक्तपुरवठ्याचा खेळ. लिंगाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या साधारण 1 ते 2 मिलिमीटर रुंदीच्या, तर हृदयाच्या 3 ते 4 मिलिमीटरच्या. साखर, तंबाखू, वाढलेला रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल यांमुळे धमन्यांचं आतलं अस्तर बिघडतं, ते सगळीकडे एकदमच. पण अरुंद नळी आधी तुंबते. त्यामुळे पुष्कळ पुरुषांत ही तक्रार हृदयविकाराच्या लक्षणांआधी दोन ते पाच वर्षं दिसते. माझ्या मते निसर्गाने दिलेली ही मुदत आहे. गोळीने तिच्यावर पडदा टाकू नका.

आता नीट सांगते. उपाशीपोटी रक्तशर्करा आणि एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी करा. रात्री वारंवार लघवी होणं हे मधुमेहाचं लक्षण असू शकतं, आणि एचबीएवनसी 6.5 टक्के किंवा त्याहून जास्त आलं तर मधुमेहच समजतात. कोलेस्टेरॉल, रक्तदाब, ईसीजी आणि सकाळच्या वेळी टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी संप्रेरक, हेही बघून घ्या. दम लागतोय म्हणून स्ट्रेस टेस्ट, म्हणजे चालवून घेतलेली हृदयाची तपासणी करायची का, ते फिजिशियन ठरवतील. पहाटे ताठरता येते का, हेही त्यांना सांगा. येत असेल तर नसा आणि धमन्या बऱ्यापैकी शाबूत आहेत, आणि कारण जास्त करून मनात किंवा नात्यात असतं. तुमची तक्रार हळूहळू वाढत गेलीय, म्हणून मला शरीराकडे आधी बघावंसं वाटतं.

गोळी वाईट नाही. अशा गोळीतलं सिल्डेनाफिल हे औषध मुळात छातीच्या दुखण्यावर शोधत असताना सापडलं आणि 1998 पासून या कामासाठी वापरात आहे. पण हृदयविकारावर जिभेखाली ठेवायच्या नायट्रेटच्या गोळीबरोबर ते पोटात गेलं, तर रक्तदाब धोकादायक खाली येतो. म्हणून ते चिठ्ठीवर, तपासणी झाल्यावरच घ्यायचं औषध. ते घेतल्यावर कधी छातीत दुखलं, तर कॅज्युअल्टीत डॉक्टरांना पहिल्यांदा हेच सांगा, लाजू नका.

आणि रोज परळ ते अंधेरी लोकलमध्ये उभं राहणं म्हणजे व्यायाम नव्हे, ती नुसती दमणूक. दादरला धावत गाडी बदलणं हेही त्यातच आलं. रोज अर्धा तास सलग झपाझप चाला, तंबाखू असेल तर सोडा, झोप सात तासांची करा. पाच तासांच्या झोपेवर आठवडा काढलेल्या तरुणांचंसुद्धा टेस्टोस्टेरॉन 10 ते 15 टक्क्यांनी घसरलेलं दिसलंय. बायकोला हे सगळं सांगा. ती बहुधा असं समजत असेल की तुम्हाला आता तिच्यात रस उरला नाही.

प्रश्न : वय 23, कांदिवली. कॉलेजपासून हस्तमैथुनाची सवय आहे. लघवीतून धात जाते, थकवा येतो, डोळे आत गेलेत. लोकलमध्ये चिकटवलेली जाहिरात वाचून एकाकडे गेलो, तीन महिन्यांत बारा हजार रुपये घालवले. फरक शून्य. लग्न करू शकेन का?

बाळा, बारा हजार गेले त्याचं मला फार वाईट वाटतं. पण त्याहून जास्त वाईट याचं वाटतं, की या काळात तू स्वतःला आतून पोखरत होतास.

एका वेळी साधारण दीड ते पाच मिलिलिटर वीर्य येतं. त्यातला बहुतांश भाग ग्रंथींचा द्रव. शुक्राणू शरीर सतत बनवत असतं, एक तयार व्हायला जेमतेम अडीच महिने लागतात. रक्ताच्या इतक्या थेंबांतून वीर्याचा एक थेंब होतो, ही गोष्ट शास्त्रात कुठेच नाही. लघवी कधी पांढरट दिसते ती बऱ्याचदा फॉस्फेटमुळे. शौचाला जोर केल्यावर येणारा चिकट द्रव प्रोस्टेटचाही असू शकतो. जळजळ किंवा पू असेल तर मात्र दाखव. हस्तमैथुनाने लिंग लहान होत नाही, वाकडं होत नाही, लग्नाला अडथळा येत नाही.

थकवा मात्र खरा आहे. हिमोग्लोबिन, बी-12, ड जीवनसत्त्व आणि थायरॉइड तपास. आणि स्वतःला एक प्रश्न विचार. झोप लागत नाही, कशात मन रमत नाही, असं चाललंय का? 'धात गेली' या भीतीमागे पुष्कळदा चिंता किंवा नैराश्य दडलेलं असतं, त्यावर चांगले उपचार आहेत. 14416 या टेली-मानसच्या सरकारी क्रमांकावर मराठीत बोलता येतं. त्या जाहिरातवाल्याने दिलेलं औषध आजच बंद कर. अशा बिनानावाच्या औषधांत शिसं, पारा किंवा चोरून मिसळलेलं सिल्डेनाफिल सापडल्याची उदाहरणं आहेत.

याच मुंबईत 1921 साली र. धों. कर्व्यांनी संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं, 1927 पासून मासिक चालवलं. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरं दिली म्हणून त्यांच्यावर खटला झाला, आणि 1934 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहिले. तू मला हे पत्र बिनधास्त लिहू शकलास, त्यामागे त्या दोघांनी दिलेला लढा आहे.

प्रश्न : वय 29, लालबागच्या चाळीत एका खोलीत आम्ही दोघं, सासू-सासरे आणि दीर. लग्नाला दोन वर्षं झाली. संबंधाच्या वेळी माझं अंग आपोआप आवळतं, खूप दुखतं, पूर्ण संबंध एकदाही झालेला नाही. नवरा समजूतदार आहे. सासूबाई गोड बातमी विचारतात, डॉक्टर बदला म्हणतात.

ताई, तुमच्यात काहीही खोट नाही. योनीभोवतीचे स्नायू तुमच्या मर्जीविरुद्ध आकसतात, त्याला व्हजायनिस्मस म्हणतात. पापणीजवळ बोट नेलं की डोळा मिटतो ना, तसंच. दुखेल या भीतीने स्नायू आवळतात, आवळले म्हणून दुखतं, आणि पुढच्या वेळी भीती वाढलेली असते.

तुमच्या बाबतीत खोलीचाही वाटा आहे. पडद्यापलीकडे माणसं झोपलीत, पलंग करकरला तर ऐकू जाईल, हे मनात असताना शरीर सैल पडेल कसं? दिवसभर दोघांना दार लावून बसायला मिळत नाही, ही गोष्ट आमच्या वैद्यकीय पुस्तकांत नाही, पण मुंबईतल्या निम्म्या तक्रारींत मला ती दिसते.

माझ्याकडे एक जोडपं वंध्यत्वाच्या तपासण्यांची जाडजूड फाइल घेऊन आलं होतं. रक्त, सोनोग्राफी, वीर्यतपासणी, सगळं नॉर्मल. संबंध होतात का, हे त्यांना तोवर कुणी विचारलंच नव्हतं. तुमच्याबाबत तसं व्हायला नको. संबंधच झालेला नसताना तपासण्यांवर पैसे घालवू नका.

सौम्य हाताच्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंना दाखवा. संसर्ग किंवा दुसरं काही नाही ना, हे त्या बघतील. पहिल्याच भेटीत आतून तपासू देणं बंधनकारक नाही, तसं स्पष्ट सांगा. मग ओटीपोटाच्या स्नायूंची फिजिओथेरपी आणि लहानापासून मोठ्या आकाराचे डायलेटर, म्हणजे योनीला हळूहळू सवय लावणाऱ्या गुळगुळीत नळ्या, तुमच्याच हाताने, तुमच्या गतीने. त्या काळात संबंधाचा प्रयत्न पूर्ण बंद, जवळीक चालू. बहुतेक जणींना गुण येतो. सासूबाईंशी नवऱ्याने बोलावं, तुम्ही नव्हे. "आम्ही उपचार घेतोय, आता विचारू नका," एवढं पुरे. आणि रविवारी दुपारी दोन-तीन तास खोली रिकामी मिळेल का, हेही त्यानेच मागावं.

प्रश्न : वय 53, मुलुंड. पाळी जाऊन चार वर्षं झाली. संबंधाच्या वेळी आग होते, वरचेवर लघवीचा संसर्ग होतो. या वयात हे विचारणंही बरं दिसत नाही.

काकू, बरं का दिसू नये? आपल्याकडे सरासरी सेहेचाळीस-सत्तेचाळीसला पाळी जाते, पुढे पंचवीस-तीस वर्षांचं आयुष्य असतं. इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक कमी झालं की योनीची आणि मूत्रमार्गाची त्वचा पातळ, कोरडी होते. तुमच्या दोन्ही तक्रारी त्या एकाच कारणाच्या असाव्यात. तज्ज्ञांच्या सल्ल्याने योनीत लावायचं इस्ट्रोजेनचं मलम दोन्हींवर चांगलं काम करतं. पूर्वी स्तनाचा कर्करोग झाला असेल तर आधी सांगा. संबंधाच्या वेळी पाण्यावर आधारित (वॉटर-बेस्ड) वंगण वापरा. खोबरेल अनेकजणी वापरतात, पण कंडोम असेल तर मुळीच नको, रबर फाटतं. आणि पाळी गेल्यावर रक्ताचा एक डाग जरी दिसला, तरी त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा.

प्रश्न : वय 26. काल रात्री कंडोम फाटला. जोडीदाराची ओळख नवीन. एचआयव्हीची भीती वाटतेय.

तुमचं पत्र माझ्या हाती येईपर्यंत 72 तास उलटून गेले, याची मला रुखरुख आहे. संसर्ग रोखणारी पीईपीची औषधं 72 तासांच्या आत, शक्य तितक्या लवकर सुरू करून 28 दिवस घ्यावी लागतात. हे वाचणाऱ्यांपैकी कुणावर अशी वेळ आली, तर पत्र लिहू नका, थेट मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत जा. गर्भधारणेची भीती असेल तर तातडीची गोळीही 72 तासांच्या आतच, आणि जितकी लवकर तितकी उपयोगी.

आता तुम्ही केईएम, सायन किंवा नायरसारख्या पालिका रुग्णालयातल्या आयसीटीसी, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन आणि चाचणी केंद्रात जा. चाचणी फुकट आहे, आणि 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार तुमच्या संमतीशिवाय ती करता येत नाही, निकालही गुप्त ठेवावा लागतो. सिफिलिस आणि हेपॅटायटिस बीची तपासणीही मागा. आज निगेटिव्ह आलं तरी साधारण दीड महिन्याने आणि मग तीन महिन्यांनी पुन्हा करा, तोवर प्रत्येक वेळी कंडोम वापरा आणि रक्तदान करू नका. काही शंका असेल तर 1097 या एड्स हेल्पलाइनवर फोन करा, नाव सांगावं लागत नाही.