पुण्याहून भाचरं आलीत, हातात एकच शनिवार

प्रश्न: आम्ही पश्चिम लंडनमध्ये हाउन्स्लोला राहतो. डिसेंबरात माझी नणंद तिच्या दोन मुलांना (वय ६ आणि १२) घेऊन पुण्याहून येतेय. आमची मुलगी चार वर्षांची. ते गुरुवारी उतरणार आणि आम्हा दोघांना मोकळा असा शनिवारच मिळतोय. नवऱ्याने यादी केलीय: लंडन आय, बकिंगहॅम पॅलेस, टॉवर ब्रिज, विंटर वंडरलँड (हाइड पार्कमधली नाताळची जत्रा) आणि रात्रीचं लाइटिंग. मला हे जमेलसं वाटत नाही, पण वन्संना वाटायला नको की मामीने कंटाळा केला. काय करू?

उत्तर: तुमचंच बरोबर आहे. मात्र नवऱ्याशी बोलताना यादीवर वाद घालू नका, घड्याळ पुढे करा. डिसेंबराच्या मध्यावर लंडनला सूर्य ३.५०च्या सुमारास मावळतो. तेव्हा पुण्यात रात्रीचे नऊ वाजून गेलेले असतात, आणि परवा उतरलेल्या पोरांची भूक नि झोप अजून पुण्याच्याच वेळेने चालते. पहाटे चारला टक्क जागी, दुपारी चारला गळपटलेली. म्हणजे तुमच्या हातात सकाळी दहा ते दुपारी साडेतीन एवढाच दिवस. त्यात पाच ठिकाणं उरकायला गेलात तर पोरांना दिसतील फक्त स्टेशनं.

माझं मत विचाराल तर साउथ केन्सिंग्टन. तुमच्याकडून ट्यूबची (भुयारी रेल्वेची) पिकॅडिली लाइन थेट जाते, गाडी बदलायची नाही. तीन मोठी संग्रहालयं एकमेकांना लागून आहेत, तिन्हींना प्रवेश फुकट, आणि पाऊस आला तरी दिवस वाया जात नाही. फुकट असण्याचा आणखी एक फायदा म्हणजे नणंदबाई प्रत्येक तिकिटाचे मनात रुपये करत बसणार नाहीत आणि ‘आम्ही देतो, आम्ही देतो’ची ओढाताणही टळेल. विंटर वंडरलँडला शनिवारी आत शिरायचेच पैसे, पाळण्यांचे वेगळे, आणि गर्दी अशी की चार वर्षांच्या मुलीला घेऊन अनंत चतुर्दशीला लक्ष्मी रोडवर शिरावं. ते सोडाच.

दहाच्या ठोक्याला नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या दारात हजर राहा. प्रवेश फुकट असला तरी वेळ ऑनलाइन आधी घेऊन ठेवा. आत गेल्यावर आधी डायनासोर, कारण अकरानंतर तिथे रांग लागते. हलणारा, गुरगुरणारा टी-रेक्स सहा वर्षांच्या भाच्याला जाम आवडेल. तुमची लेक मात्र घाबरण्याची शक्यता आहे, तेव्हा तिला कडेवर घ्या आणि नवऱ्याला पुढे पाठवा. मग मधल्या मोठ्या दालनात या. तिथे छताला निळ्या देवमाशाचा २५.२ मीटर लांबीचा सांगाडा टांगलाय. ही मादी १८९१ साली आयर्लंडमधल्या वेक्सफर्डच्या किनाऱ्यावर अडकली होती. २०१७ पासून ती या दालनात सूर मारल्यासारखी तोंड उघडून लटकतेय. तिचं नाव होप. खालून फोटो काढून निघू नका. जिना चढून सज्जात गेलात की तिचं डोकं जवळून दिसतं. तिथेच मुलांना कमानींवर चढणारी भाजक्या मातीची माकडं शोधायला लावा, अर्धा तास निवांत मिळेल. १८८१ साली उघडलेल्या या इमारतीच्या पश्चिमेकडच्या भिंतींवर जिवंत प्राणी कोरलेत आणि पूर्वेकडच्या भिंतींवर नामशेष झालेले. बारा वर्षांच्या मुलाला एवढं सांगून सोडा, बाकीचं तो तुम्हाला दाखवेल.

त्याच्यासाठी भूकंपाचं दालनही आहे. १९९५च्या कोबे भूकंपात हादरलेल्या जपानी दुकानाची प्रतिकृती तिथे उभी केलीय आणि पायाखालची जमीन खरोखर हलते. किल्लारीच्या वेळची पहाट आठवत असलेलं कुणी मोठं माणूस बरोबर असेल, तर आत जायचं का ते त्यांना आधी विचारा.

जेवण घरचं न्या. दशम्या किंवा तिखटमिठाच्या पुऱ्या न्या, पोळी-भाजीचा रोल दुपारपर्यंत ओला होतो. डबा खायला आत जागा आहे, पण साडेबाराला बसायला मिळत नाही. पुण्याच्या वेळेने पोरांना तशीही लवकर भूक लागते, साडेअकरालाच डबे उघडा.

जेवणानंतर एकच गोष्ट. लहान दोघांना सायन्स म्युझियमच्या तळघरात पाण्यात खेळायला सोडा. एक जादा पँट न्या, नाहीतर ओल्या कपड्यांनी बाहेरच्या थंडीत निघावं लागेल. मोठा भाचा आणि नणंदबाई तेवढ्या वेळात समोरच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्ये टिपू सुलतानचा लाकडी वाघ बघून येतील. वाघनखांबद्दल तो विचारेलच. ती जुलै २०२४मध्ये तीन वर्षांच्या बोलीवर महाराष्ट्रात गेली, आधी साताऱ्याला. तेव्हा लंडनला यायच्या आधी घरच्याच राज्यात बघून आलात तर उत्तम, असं फोनवर आत्ताच सांगून टाका. ती साताऱ्याचा रेसिडेंट (इंग्रजांचा तिथला प्रतिनिधी) ग्रँट डफ याच्याकडे होती. अफजलखानावर चालवली ती हीच, असं सिद्ध झालेलं नाही, हे व्हिक्टोरिया अँड अल्बर्टच सांगतं. बारा वर्षांचं पोर हे समजून घेऊ शकतं.

कपड्यांचं मात्र आधी बोला. पुण्याची थंडी पहाटेची असते, दुपारी ऊन पडतं. इथे दिवसभर सात-आठ अंश, ओल आणि वारा. बर्फ मिळेलच असं पोरांना सांगू नका, लंडनला तो क्वचितच पडतो. पुण्यात जाड जर्किनवर पैसे घालवू नका म्हणावं. थर्मल, स्वेटर आणि वरून पाणी न शिरणारं जॅकेट पुरे, तेही ओळखीच्यांकडून उसनं मिळतं. बूट मात्र पाणी न शिरणारेच हवेत. लहानाचे हातमोजे दोरीने बाहीला बांधा. म्युझियममध्ये हीटिंग इतकं असतं की दहा मिनिटांत सगळे कोट उतरतात, आणि मग सहा कोट सांभाळणं हेच मोठ्यांचं खरं काम होऊन बसतं. त्यासाठी एक मोठी रिकामी पिशवी न्या.

तिकिटांचं: अकरा वर्षांखालची मुलं मोठ्या माणसाबरोबर ट्यूबमध्ये आणि बसमध्ये फुकट. बारा वर्षांच्या भाच्याला स्टेशनवर घेऊन जा आणि त्याच्या ऑयस्टर कार्डावर (ट्यूब-बसच्या भाड्याचं कार्ड) ‘यंग व्हिजिटर’ सवलत चढवून घ्या, चौदा दिवसांपर्यंत मोठ्यांच्या निम्मं भाडं पडतं. पुष्कळ जण हे विसरतात आणि पूर्ण भाडं देतात. नकाशाही त्याच्याच हातात द्या. शनिवारी एकदा रस्ता कळला की सोमवारी तुम्ही कामावर असताना नणंदबाई पोरांना घेऊन बकिंगहॅम पॅलेस स्वतः बघून येतील. मामीने काही दाखवलंच नाही असंही मग होणार नाही.

लाइटिंगसाठी रात्रीपर्यंत थांबायची गरजच नाही, चारला अंधार पडतोच. साडेतीनला बाहेर पडून साउथ केन्सिंग्टनहून १४ नंबरच्या डबल डेकरच्या वरच्या मजल्यावर पुढची सीट धरा. हॅरड्स या मोठ्या दुकानाच्या दिव्यांवरून ती पिकॅडिली सर्कसपर्यंत जाते. वाहतूक तुंबलेली असेल, तेवढेच दिवे जास्त वेळ दिसतील. पोरं पेंगायला लागली तर ग्रीन पार्कलाच उतरा, पिकॅडिली लाइन तिथेही आहे.

शुक्रवारी रात्री मात्र लाइन चालू आहे ना ते बघा, शनिवार-रविवारी कधीकधी दुरुस्तीसाठी बंद ठेवतात. आणि त्यांचा मुक्काम नाताळापर्यंत लांबला, तर २४ ते २६ डिसेंबर तिन्ही संग्रहालयं बंद असतात आणि २५ला ट्यूब-बसही नसते. त्या दिवशी घरीच पावभाजी करा.