रूट मोजायच्या आधी रस्ता किती मिळणार ते लेखी घ्या

हाफ मॅरेथॉनचा रूट लांब भरला, आता तो मोजून सर्टिफाय करायचाय, ही तुमची पोस्ट वाचून आमच्या स्पर्धेचं पहिलं वर्ष आठवलं. प्रत्येकाच्या घड्याळात 21.4 किलोमीटर, व्हॉट्सअ‍ॅपवर आयोजकांचा उद्धार, आणि मग 'पुढच्या वर्षी रूट सर्टिफाय करून घेऊ'. जरूर घ्या. फक्त घड्याळांच्या भरवशावर आपला रूट लांब होता असं ठरवू नका. नीट मोजलेला हाफसुद्धा घड्याळात सहज 21.3 दिसतो. लोक वळणं आतून घेत नाहीत, पाण्याच्या टेबलाकडे तिरके जातात, जीपीएस भरकटतं ते वेगळंच. शिवाय रूट कमी भरू नये म्हणून हजारी एक मीटर मुद्दाम जास्त धरतात, म्हणजे हाफच्या ठरलेल्या 21.0975 च्या जागी साधारण 21.119.

रूट सायकलने मोजतात; पुढच्या चाकावरचा जोन्स काउंटर (चाकाचे फेरे मोजणारं यंत्र), कॅलिब्रेशनचा सरळ पट्टा (आधी नीट मोजलेला, त्यावर सायकलचं माप ठरवतात) हे तुम्ही वाचलंच असेल. मोजणारे कुठे मिळतात विचारलंत, तर एम्सच्या यादीत बघा (दिल्लीचं हॉस्पिटल नव्हे, मॅरेथॉनवाल्यांची संघटना). मी स्वतः मोजणारा नाही, मागच्या जीपमध्ये बसणारा आयोजक आहे, तेव्हा नियमांबाबत शेवटचा शब्द त्यांचाच.

आता खरी गोष्ट. तुम्ही लिहिलंय, 'साहेब म्हणाले आहेत, रस्ता पूर्ण मिळेल.' इथेच थांबा! आम्हालाही एका कार्यालयातून असंच तोंडी मिळालं होतं. कुठलं ते सांगत नाही, गावात राहायचंय. लेखी मागितलं तर 'अहो, दिला म्हणतोय ना रस्ता' असं उत्तर, वर चहा. त्या शब्दावर मोजणारे बाहेरगावाहून आले. पहाटे अंधारात, पुढे-मागे गाडी ठेवून, रस्त्याच्या पूर्ण रुंदीतली सगळ्यात जवळची रेषा त्यांनी धरली. वळणाला आतल्या कडेपासून 30 सेंटीमीटरवरून, एका वळणातून पुढच्या वळणाकडे थेट तिरकं. एसटी स्टँडच्या कोपऱ्यावर कडेला रिक्षा लागलेल्या, तर त्यांनी पुढचं चाक धरून सायकल काटकोनात बाजूला घेतली, रिक्षांना समांतर पुढे नेली आणि तशीच परत आत आणली. इतकं काटेकोर काम.

आणि स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी त्याच कार्यालयातून फोन, 'फक्त डावी बाजू वापरा, उजवीकडून गाड्या सुटणार.' दहा मीटर रुंदीचा रस्ता असेल तर एका उजव्या काटकोनी वळणाला आतल्या कडेऐवजी मधल्या रेषेवरून गेलं की आठेक मीटर वाढतात. आमच्या रूटवर अशी वळणं ढिगाने. सर्टिफिकेट हातात, पण त्यातला नकाशा एक आणि लोक धावले दुसऱ्याच रेषेवर. मोजणाऱ्यांची फी, प्रवास, लॉज, सगळं पाण्यात. पुन्हा मोजायला बोलावलं तेव्हा त्या कार्यालयाकडून 'आम्ही असं कधी म्हणालो?' हे ऐकून घ्यावं लागलं.

उलटं झालं तर जास्त वाईट. डावी बाजू धरून मोजलं आणि स्पर्धेच्या दिवशी रस्त्यावर ठेवायचे प्लास्टिकचे कोनच लावले नाहीत, तर लोक आतून कापणार आणि रूट कमी भरणार. लांब झालेल्या रूटला शिव्या पडतात, पण कमी भरलेल्या रूटवरचं टायमिंग कुणी धरत नाही. मँचेस्टरचा 2013 ते 2015 चा मॅरेथॉन रूट 380 मीटर कमी निघाला आणि हजारो लोकांची टायमिंग बाद झाली.

म्हणून माझं मत, कुणाला पटो न पटो: मोजणाऱ्याला तारीख देण्याआधी कुठल्या टप्प्यात पूर्ण रस्ता, कुठे अर्धा, दुभाजकाच्या कुठल्या बाजूने, हे नकाशावर काढून त्यावर सही-शिक्का घ्या. शिक्का मिळत नसेल तर सरळ अर्धाच रस्ता धरून मोजा आणि कोन कुठे लागणार ते नकाशात दाखवा. कोनांचा खर्च परवडतो.

बाकी किरकोळ. शक्यतो थंडीत मोजा. ऊन चढलं की टायरमधली हवा फुगते, म्हणून तर कॅलिब्रेशनच्या चार फेऱ्या आधी आणि चार नंतर असतात. नंतरच्या फेऱ्या होईपर्यंत मोजणाऱ्यांना पोह्यांचा आग्रह करू नका. यू-टर्नची जागा दाखवायला रस्त्यात ठोकलेल्या खिळ्यावर विसंबू नका, डांबर पडलं की गेला. विजेच्या खांबाचा नंबर आणि त्यापासूनचं अंतर लिहून ठेवा, आणि स्पर्धेच्या दिवशी तिथे नकाशा वाचता येणारा माणूस उभा करा, कॉलेजची पोरं कोन सरकवतात. सर्टिफिकेट पाच वर्षं चालतं, पण रूट तसाच राहिला तर. चौकात नवं सर्कल झालं की तो भाग परत मोजायचा.

तुमच्या बायपासला दुभाजक आहे का, आणि लोक त्याच्या एकाच बाजूने जाऊन-येऊन धावणार आहेत का, तेवढं इथे लिहा. त्यावर बरंच ठरेल.