टॅबलेटवर मनासारखा फॉन्ट: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: आयपॅडवर गूगल फॉन्ट्सवरून ‘बालू २’ उतरवून घेतला. झिप उघडली, आतली टीटीएफ, म्हणजे फॉन्टची फाइलही दिसते, पण पेजेस या लेखनाच्या ॲपच्या यादीत फॉन्ट येत नाही. काय राहिलं?

उत्तर: फॉन्ट बसवायचा राहिला. आयपॅडचं फाइल्स ॲप झिप उघडून देतं, पण फॉन्ट बसवून देत नाही. त्यासाठी ॲप स्टोअरवरून आयफॉन्ट किंवा फॉन्टकेससारखं ॲप घ्या, त्यात टीटीएफ किंवा ओटीएफ फाइल आयात करा आणि इन्स्टॉल म्हणा. ॲप त्या फॉन्टची एक प्रोफाइल, म्हणजे सेटिंग्जमधून बसवायची फाइल, तयार करून देतं. मग सेटिंग्जमध्ये जनरल, तिथून ‘व्हीपीएन अँड डिव्हाइस मॅनेजमेंट’ उघडा, उतरलेली प्रोफाइल निवडा, पासकोड द्या. हे लगेच उरका. ८ मिनिटांत बसवली नाही तर आयपॅड ती प्रोफाइल आपोआप काढून टाकतो, आणि बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. प्रोफाइलवर स्वाक्षरी नसल्याची सूचना येते. प्रोफाइल तुमच्याच फाइलपासून बनलेली असेल तर घाबरायचं कारण नाही, पण आत फॉन्टशिवाय दुसरं काही नाही ना, हे तपशिलात एकदा पाहाच. शेवटी पेजेस पूर्ण बंद करून पुन्हा उघडा, कारण चालू ॲपला नवा फॉन्ट बरेचदा दिसत नाही.

झिपमधली कोणती फाइल घ्यायची, हेही महत्त्वाचं. बाहेरच्या फाइलच्या नावात ‘व्हेरिएबल फॉन्ट’ असं असतं, तिच्यात सगळ्या जाड्या एकत्र असतात. काही ॲप्सना ती नीट वाचता येत नाही आणि एकच जाडी दिसते. ‘स्टॅटिक’ फोल्डरमध्ये रेग्युलर, मीडियम, सेमीबोल्ड, बोल्ड, एक्स्ट्राबोल्ड अशा ५ वेगळ्या फाइली मिळतील. त्यातल्या रेग्युलर आणि बोल्ड बहुतेक कामांना पुरतात. वॉफ किंवा वॉफ२ फाइली वेबसाइटसाठी असतात, त्या इथे चालत नाहीत.

प्रोक्रिएट या चित्रकलेच्या ॲपमध्येच काम असेल तर हा सगळा खटाटोप नको. त्याच्या मजकुराच्या स्टाइलमध्ये फॉन्ट आयात करायची सोय आहे. अर्थात तो फॉन्ट मग प्रोक्रिएटपुरताच राहतो.

प्रश्न: अँड्रॉइड टॅबलेटवर हेच कसं करायचं? अख्ख्या टॅबलेटचा फॉन्ट बदलता येईल का?

उत्तर: टीटीएफ टाकली आणि सगळ्या ॲप्सना मिळाली, अशी सर्वसाधारण सोय अँड्रॉइडमध्ये नाही. सॅमसंगवर सेटिंग्ज, डिस्प्ले, ‘फॉन्ट साइझ अँड स्टाइल’ इथून अक्षरांची शैली बदलते, पण तिथे गॅलेक्सी स्टोअरवरचे फॉन्ट चालतात, तुमची फाइल नाही. कुठल्याही टॅबलेटचा फॉन्ट बदलून देतो म्हणणारी ॲप्स शेवटी रूट करायला, म्हणजे यंत्रणेचा पूर्ण ताबा घ्यायला सांगतात. रूटसाठी बूटलोडर (टॅबलेट सुरू करणारा प्रोग्राम) उघडला की टॅबलेटवरचा सगळा डेटा पुसला जातो. फॉन्टपायी एवढी किंमत मोजू नका.

म्हणून अँड्रॉइडवर आधी ॲप ठरवा, मग फॉन्ट. पिक्सेललॅब या चित्रावर मजकूर टाकायच्या ॲपमध्ये मजकुराच्या फॉन्ट यादीत ‘माय फॉन्ट्स’ आहे, तिथे तुमचं फोल्डर दाखवलं की झालं. गूगल डॉक्स मात्र स्वतःच्या यादीपलीकडचा फॉन्ट घेतच नाही.

प्रश्न: फॉन्ट यादीत आला, निवडलाही, पण मराठी अक्षरं जशीच्या तशी राहतात. फक्त इंग्रजी बदलतात.

उत्तर: त्या फॉन्टमध्ये देवनागरी नाही. अशा वेळी यंत्रणा मराठीपुरता स्वतःचा फॉन्ट वापरते: आयपॅडवर कोहिनूर देवनागरी, बऱ्याच अँड्रॉइडवर नोटो. म्हणून फॉन्ट शोधतानाच गूगल फॉन्ट्सवर देवनागरीची चाळणी लावा आणि नमुन्याच्या चौकटीत स्वतःचं वाक्य लिहून पाहा. ‘कुऱ्हाड, वाऱ्यावर, क्षितिज, ज्ञान, बाळ, शाल’ एवढे शब्द पुरेत. ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ तुटले, किंवा ‘क्षि’मधली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे गेली, तर तो फॉन्ट सोडून द्या. ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणं हवी असतील तर ‘टिरो देवनागरी मराठी’ घ्या. याच कुटुंबात हिंदी आणि संस्कृत अशी भावंडंही आहेत, तेव्हा नाव पाहून उतरवा.

फॉन्ट नमुन्यात नीट आणि एखाद्या ॲपमध्येच जोडाक्षरं फुटत असतील, तर दोष ॲपचा. जोडाक्षर घडवायचे नियम फॉन्टमध्ये असतात, पण ते राबवणं ॲपच्या हाती. तिथे दहा फॉन्ट बदलूनही फरक पडणार नाही.

आणखी एक शक्यता म्हणजे जुना, युनिकोडपूर्व फॉन्ट (युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेली जागा देणारी पद्धत). कृतिदेव, शिवाजी यांसारख्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरांचे आकार इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले असतात. तुमचा मराठी कीबोर्ड ‘क’ची युनिकोड जागा पाठवतो, आणि या फॉन्टमध्ये ती जागा रिकामी असते. जुना मजकूर टॅबलेटवर हवा असेल तर आधी कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणा. नंतर पहिली वेलांटी आणि रफार डोळ्यांत तेल घालून तपासा. जुन्या फॉन्टमध्ये वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवतात, त्यामुळे कन्व्हर्टर हमखास तिथेच चुकतो.

प्रश्न: टॅबलेटवर छान दिसणारी पत्रिका दुसऱ्याकडे गेली की फॉन्ट बदलतो.

उत्तर: डॉक्युमेंटबरोबर फॉन्टचं फक्त नाव जातं. समोरच्याकडे तो फॉन्ट नसेल तर दुसरा लागतो आणि ओळी सरकतात. पीडीएफ करून पाठवा, त्यात फॉन्ट आत बसतो. छापायला देण्याआधी फॉन्टचा परवानाही पाहा. फुकट मिळणाऱ्या अनेक फॉन्टवर ‘फक्त वैयक्तिक वापरासाठी’ अशी अट असते. ओएफएल (ओपन फॉन्ट लायसन्स) या मुक्त परवान्याचे फॉन्ट व्यावसायिक छपाईलाही खुशाल वापरा, फक्त नुसता फॉन्ट विकायची मुभा नाही.